घुबड अशुभ कोणी ठरवले?

घुबड घरावर बसले की मृत्यू येतो, असे आजही गावोगाव सांगितले जाते. सांगणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी घुबड नीट पाहिलेले असते. गव्हाणी घुबड उंदीर खाते, पिंगळा उंदरांसोबत किडेही टिपतो. दिंडोरीसारख्या शेतीप्रधान तालुक्यात हे पक्षी शेतकऱ्याचे बिनपगारी राखणदारच होत. तरी त्यांच्या वाट्याला दगड येतात आणि दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी त्यांचा बळीही दिला जातो.

आम्ही इतिहास शिकवतो, म्हणून रानपिंगळ्याची हकिकत आम्हाला पुराव्याचा उत्तम धडा वाटते. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ मध्ये या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन केले. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा नमुना मिळाला नाही. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ चा म्हणून दाखवलेला गुजरातमधील नमुना हा संग्रहालयातून चोरलेला, खोटी चिठ्ठी लावलेला जुनाच पक्षी निघाला. त्या चिठ्ठीने अभ्यासकांची दिशाभूल केली. पामेला रासमुसेन यांनी मूळ नमुने तपासून खऱ्या ठिकाणांचा माग काढला. नोव्हेंबर १९९७ मध्ये, ११३ वर्षांनी, त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना शहाद्याजवळ, आपल्या खानदेशात, रानपिंगळा दिवसाढवळ्या दिसला. त्याची छायाचित्रे घेतली गेली आणि शंकेला जागा उरली नाही.

खोटी चिठ्ठी किती काळ टिकते, हे आपल्या समाजाला कोणी सांगायला नको. जन्मावरून माणसाला अपवित्र ठरवणारी चिठ्ठी बाबासाहेबांनी नाकारली. धर्मांतराची त्यांची १९३५ ची घोषणा आपल्याच जिल्ह्यात, येवल्यात झाली. केवळ परंपरेने सांगितले म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला होता. तो उपदेश मानणाऱ्यांनी एका पक्ष्याच्या कपाळीही अशुभाची चिठ्ठी चिकटवू नये.

म्हणून पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे : मुलांना घुबड दाखवा. दूर थांबा, गप्प बसा. छायाचित्र घ्यायचे तर फ्लॅश नको, मोबाइलवर आवाज वाजवून त्याला बोलावणे नको, ढोलीजवळ जाणे नको. घरट्याची जागा जाहीर तर मुळीच करू नये. तारीख, वेळ आणि जे दिसले तेवढेच वहीत लिहावे. ज्या मुलाने पिंगळ्याकडे अर्धा तास शांतपणे पाहिले, त्याला घुबडाचे भय दाखवणे पुढे कोणालाही सोपे जाणार नाही.