शर्यत बारा सेकंदांची, तयारी वर्षांची

घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावी शालेय मैदानी स्पर्धा भरतात, तेव्हा एक गोष्ट लक्षपूर्वक पाहण्यासारखी असते. चौदा वर्षांखालील मुलींच्या शंभर मीटर शर्यतीला धावणाऱ्यांची उणीव नसते. सतरा वर्षांखालील गटाची पाळी आली, की आरंभरेषेवरची ती रांग आखूड झालेली दिसते. मधल्या काळात या मुली मैदान सोडून गेलेल्या असतात. घरी विचारावे तर दोन उत्तरे मिळतात : "आता मोठी झाली" आणि "फार दमते". पहिल्या उत्तराचा विचार घरातील वडीलधाऱ्यांनी करावयाचा आहे. दुसऱ्याची कारणे शरीरात असतात आणि पुष्कळदा ती दूर करता येतात.

मोठी झालेली मुलगी धावत राहिली तर काय घडते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या मेरी डिसोझा यांनी 1951 साली दिल्लीत भरलेल्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धांत दोनशे मीटर शर्यतीत कांस्यपदक आणि चार गुणिले शंभर मीटर रिले शर्यतीत रौप्यपदक मिळविले. तेव्हा त्या विशीच्या उंबरठ्यावर होत्या. पुढच्याच वर्षी त्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये धावल्या. ऑलिंपिकमध्ये उतरलेल्या पहिल्या भारतीय स्त्रियांच्या चमूत त्यांच्याबरोबर धावपटू नीलिमा घोष, जलतरणपटू डॉली नाझीर व आरती साहा होत्या. मेरींच्या प्रवासखर्चासाठी त्यांच्या स्नेह्यांनी कार्यक्रम करून पैसे उभे केले होते. हेलसिंकीत त्या प्राथमिक फेरीपुढे गेल्या नाहीत. परंतु त्यांनी धावणे सोडले नाही. 1954 साली मनिला येथे स्टेफी डिसोझा, व्हायोलेट पीटर्स आणि ख्रिस्टीन ब्राउन यांच्यासह त्यांनी रिलेचे सुवर्णपदक जिंकले. भारताच्या महिला हॉकी संघातूनही त्या खेळल्या. 2013 साली त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला.

वेगवान धावपटूची कारकीर्द अशी वर्षांवर्षांनी उभी राहते. चौदाव्या वर्षी दिसतो तो केवळ तिचा आरंभ. म्हणून मधल्या वर्षांत घराने काय द्यावे, हा आपला प्रश्न आहे.

आता दमण्याविषयी. शंभर मीटर धावताना स्नायू श्वासातून येणाऱ्या प्राणवायूवर फारसे अवलंबून नसतात. पहिल्या काही सेकंदांची शक्ती स्नायूंत आधीच साठविलेली असते. ती सरत येते तशी साखरेचे प्राणवायूविना होणारे विघटन मदतीला येते. मात्र रिकामा झालेला साठा पुन्हा भरण्यास काही मिनिटे लागतात, आणि त्या कामाला प्राणवायू हवा असतो. तो रक्तातील हिमोग्लोबिन वाहून आणते. रक्तक्षय असलेली मुलगी सकाळची एक शर्यत जिंकून दाखवू शकते ती यामुळेच; दुपारच्या फेरीत मात्र ती मागे पडते, दुसऱ्या दिवशी तिचे पाय जड होतात, आणि आपण तिला आळशी ठरवून मोकळे होतो.

हा दोष विरळा नाही. 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला. वाढीचा वेग आणि मासिक पाळी यांमुळे नेमक्या याच वयात लोहाची गरज वाढते. म्हणून धावणाऱ्या मुलीचे हिमोग्लोबिन वर्षातून एकदा तरी तपासून घ्यावे. बाराव्या वर्षापासून पुढे ते 12 ग्रॅमच्या खाली असेल, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. शाळेत मिळणारी लोहाची साप्ताहिक निळी गोळी आणि जंतनाशक गोळी फेकून देऊ नये. पाळीत अतिस्राव होत असेल, पाळी तीन महिने थांबली असेल किंवा पंधरा वर्षे पूर्ण होऊनही सुरू झाली नसेल, तर संकोच न करता तपासणी करून घ्यावी.

विदर्भातील पालकांनी आणखी एक चाचणी विसरू नये, ती सिकलसेलची. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. प्रत्यक्ष आजार असल्यास वेगवान धावण्याचा सराव डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. मुलगी केवळ वाहक असेल तर तिला मैदान बंद करण्याचे कारण नाही. पण सराव हळूहळू वाढवावा, पाणी भरपूर द्यावे, उन्हात धावणे टाळावे, आणि अंगदुखी वा धाप असह्य झाली तर तत्काळ थांबवावे. ही गोष्ट क्रीडाशिक्षकांनाही सांगून ठेवावी.

आहारासाठी महागडी भुकटी आणण्याची आवश्यकता नाही. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, मोड आलेली मटकी, अंबाडी वा मेथीची भाजी, जवसाची चटणी, शेंगदाणे आणि दूध यांत बरेच काही आहे. घरी चालत असेल तर अंडी व मासे उत्तम. जेवणात लिंबू किंवा आवळा असावा, कारण त्याने धान्य-भाज्यांतील लोह अधिक शोषले जाते. जेवणाला लागून चहा देऊ नये. तो शोषणात अडथळा आणतो. आणि घरात शेवटी जेवणारी व्यक्ती धावणारी मुलगी असू नये. पी. टी. उषा यांना 1984 च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये मानवेल असे अन्न मिळाले नाही, भाताची पेज आणि लोणच्यावर त्यांनी दिवस काढले. कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले. त्या अन्नामुळे अखेरचे अंतर जड गेले, असे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले.

विश्रांतीही आहाराइतकीच महत्त्वाची. आठ-नऊ तासांची झोप, उन्हाळ्यात सूर्योदयाच्या सुमारास सराव, धावण्यापूर्वी पंधरा मिनिटे शरीर तापविणे आणि आठवड्यात एक-दोन दिवस संपूर्ण सुट्टी, एवढे पाळले तर मांडीच्या मागील स्नायूंच्या दुखापती पुष्कळशा टळतात. चौदाव्या वर्षी एकाच शर्यतीला जुंपण्यापेक्षा कबड्डी, खो-खो, हॉकी असे अन्य खेळही चालू द्यावेत. मेरी आणि स्टेफी या दोघीही धावण्याबरोबर हॉकी खेळत होत्या.

यांतून प्रत्येक मुलगी पदक आणील असे नाही. परंतु ज्या रक्ताची, झोपेची आणि अन्नाची चौकशी आपण शर्यतीच्या निमित्ताने करू, ती तिच्या पुढील सर्व आयुष्याला पुरणारी आहे. या पंधरवड्यात निदान हिमोग्लोबिन आणि सिकलसेल या दोन तपासण्यांचा दिवस तरी ठरवावा.