विणकराचे नाव चादरीवर हवे

सोलापुरात आलेला पाहुणा परत निघाला की त्याच्या पिशवीत शेंगाचटणी आणि चादर या दोन गोष्टी हमखास जातात. चटणी कोणत्या दुकानातली, हे आवर्जून सांगितले जाते. चादर मात्र नुसती ‘सोलापुरी’. ती हातमागावर विणली की यंत्रमागावर आणि कोणाच्या हातून उतरली, हे घेणारा विचारत नाही, देणाराही सांगत नाही.

या प्रश्नाला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. सोलापूरची पहिली कापड गिरणी 1874 मध्ये उभी राहिली आणि 1877 च्या सुमारास सुरू झाली. त्याच काळात इंग्लंडमध्ये कवी आणि कलावंत विल्यम मॉरिस यंत्राच्या मालाविरुद्ध उभा ठाकला होता. कारखान्यातली वस्तू स्वस्त होते, पण ती करणाऱ्याला कामातला आनंद उरत नाही, हे त्याचे दुखणे. तो नुसते बोलून थांबला नाही. 1879 मध्ये त्याने झोपण्याच्या खोलीत माग लावला, पुस्तक वाचून विणायला शिकला आणि भिंतीवर लावायचा एक पट स्वतः विणला. त्यासाठी पाचशेहून अधिक तास लागल्याची नोंद त्याने ठेवली. भारतीय कारागिरीबद्दल त्याला आदर होता, आणि त्यामागे भारतीय कलांचे अभ्यासक जॉर्ज बर्डवुड यांचे लेखन होते. हे बर्डवुड जन्माने आपल्या बेळगावचे.

मॉरिसच्या या हस्तकलेच्या चळवळीने जगाची नजर बदलली, पण एक गाठ तिला सोडवता आली नाही. हाताने केलेली वस्तू महाग पडे आणि ती श्रीमंतांच्याच घरी जाई. याची खंत मॉरिसला शेवटपर्यंत होती.

सोलापूरची गोष्ट थोडी वेगळी आहे. इथे गिरणी आणि हातमाग एकमेकांचे निव्वळ वैरी नव्हते. तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबे शहराच्या पूर्व भागात वसली. घरात तेलुगू, बाजारात मराठी, अंगणात माग. गिरणीचे सूत याच मागांवर चढत असे. पुरुष मागावर, बायका कांड्या भरायला, असे अख्खे घर त्या धाग्यात गुंतलेले. घाव बसला तो यंत्रमागाचा. पुढे गिरण्याही गेल्या. लक्ष्मी-विष्णू गिरणी 1990 च्या दशकात बंद पडली. आज ‘सोलापुरी’ म्हणून विकली जाणारी बहुतेक चादर यंत्रमागावरच निघते. चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण ते गावाचे नाव राखते. हाताचे नाव राखायला ते पुरे पडत नाही.

तरीही हातमाग संपलेला नाही. भिंतीवर लावायची विणलेली चित्रे, ज्यांना सोलापुरात सगळे ‘वॉल हँगिंग’ म्हणतात, ती अजून हातानेच होतात. हे काम जवळून पाहावे. उभ्या ताण्यामागे रेखाचित्र धरलेले असते. आडवा बाणा या काठापासून त्या काठापर्यंत सरळ जात नाही. कपाळाचा रंग कपाळापुरता, मिशीचा मिशीपुरता. बोटांनी चार-सहा धागे उचलायचे, रंगीत सूत तेवढ्यातून ओवायचे, ठोकून बसवायचे, की पुन्हा पुढचा रंग. डोळ्याची बाहुली एक धागा सरकली तरी ओळखीचा माणूस परका दिसतो. मॉरिसने ज्या कलेसाठी खोलीत माग मांडला, तीच ही कला. सत्कारात पाहुण्याला ही चित्रे दिली जातात. चित्रातला नेता सगळ्यांना ओळखू येतो, विणणारा कोणालाच ठाऊक नसतो.

इथेच काम करण्यासारखे आहे. स्वातंत्र्यानंतर सरकारने विणकर सेवा केंद्रे काढली आणि तिथे चित्रकारांना विणकरांसोबत बसवले. प्रभाकर बरवे यांच्यासारखा मोठा मराठी चित्रकार अशा केंद्रात वीसेक वर्षे नोकरीला होता. असा चित्रकार आज सोलापूरच्या मागांजवळ यायला हवा. वर्षानुवर्षे तेच मोर आणि तीच फुले विणून नव्या घरांत जागा मिळणार नाही. येवल्याच्या पैठणीला नवे रंग, नवे गिऱ्हाईक आणि त्याबरोबर पैसाही मिळाला. सोलापूरच्या हातात कसब कमी नाही, त्याला मागणी आणि दाम कमी आहे.

सरकारकडून फार आशा धरावी, असा अनुभव नाही. काही प्रकारचे कापड हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा 1985 मध्ये झाला. सुरुवातीला त्यात 22 प्रकार होते, आज 11 उरले आहेत. अखिल भारतीय हातमाग मंडळ 2020 च्या जुलैत, ऐन टाळेबंदीच्या काळात, बरखास्त झाले. 2019-20 च्या गणनेत देशात 35 लाखांहून अधिक हातमाग कामगार नोंदले गेले होते. एवढ्या माणसांचे म्हणणे दिल्लीत मांडायला आता ते मंडळही नाही.

म्हणून आरंभ सोलापूरच्या व्यापाऱ्यांनी करावा. हातमागाच्या प्रत्येक मालावर विणकराचे नाव आणि लागलेले दिवस छापावेत. हातमागाचे अधिकृत चिन्ह 2006 पासून आहे, तेही लावावे. महापालिका, महाविद्यालये, बँका दरवर्षी सत्कार करतातच. त्यांनी शालीऐवजी विणकराचे नाव विणलेला पट द्यावा आणि त्याचा मोबदला थेट विणकराला द्यावा. यंत्रमागाची चादर स्वस्त आहे आणि ती विकली जाणारच. ती हातमागाची म्हणून विकू नये, एवढेच मागणे आहे.

आणि पुढच्या वेळी सोलापुरात चादर घ्याल, तेव्हा दुकानदाराला दर विचारण्याआधी विचारा: ही कोणी विणली?