डावखुऱ्यांचा क्लब

चार्टर विमान म्हटले की आपल्याकडे हिवाळ्यात दाबोळीला उतरणारे युरोपीय पर्यटक आठवतात, आणि त्यांच्यामागोमाग एक नापसंती येते. ऐंशीच्या दशकात 'जागृत गोंयकारांची फौज' या संघटनेने अशा पर्यटनाला जो विरोध केला तो जमिनीचा आणि पाण्याचा प्रश्न होता. त्याची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. साहित्याच्या वर्तुळातील नापसंती मात्र निराळ्या जातीची आहे. खिशात चार दमड्या घेऊन एकटा भटकतो तो प्रवासी, आणि पंधरा दिवसांचे पॅकेज विकत घेऊन झुंडीने जातो तो निव्वळ पर्यटक, अशी उतरंड आपण प्रवासवर्णने शिकवताना नकळत लावीत असतो. युरोपात ही उतरंड काही काळ केवळ अभिरुचीची नव्हती, कायद्याचीही होती, याकडे आम्हांला लक्ष वेधायचे आहे.

१९५० च्या मे महिन्यात व्लादिमीर राइट्झ याने लंडनहून कॉर्सिका बेटावरील काल्व्ही येथे पर्यटकांचे विमान नेले. विमानभाडे, तंबूतील मुक्काम आणि जेवण मिळून ३२ पौंड १० शिलिंग. सरकारने परवानगी दिली ती एका अटीवर: प्रवासी विद्यार्थी किंवा शिक्षक असले पाहिजेत. वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांना त्या विमानात जागा मिळाली असती. गिरणीतल्या कामगाराला नसती.

फ्रेडी लेकर याने १९६६ साली 'लेकर एअरवेज' काढली ती या व्यवस्थेच्या ऐन भरात. बीओएसीकडून घेतलेली दोन जुनी ब्रिटानिया विमाने हे तिचे आरंभीचे भांडवल. लेकर हा मूळचा व्यापारी. बर्लिनच्या नाकेबंदीत विमानांनी माल वाहून त्याने पैसा केला होता. त्याची युक्ती साधी होती. सहल-कंपनीने एकेका फेरीसाठी विमान भाड्याने न घेता वर्षभराचे ठरावीक तास आगाऊ घ्यावेत, म्हणजे दर उतरतो. रिकाम्या खुर्चीचा धोका सहल-कंपनीकडे जातो आणि विमान जमिनीवर उभे राहत नाही. इंजिनाची झीज वाचावी म्हणून उड्डाणाच्या वेळी त्याची पूर्ण ताकद न वापरण्याची पद्धतही या कंपनीने अंगीकारली होती. काटकसरीलाही एक शैली असते. आमच्या मते ती येथे दिसते.

अटलांटिक ओलांडायचा तर गोष्ट कठीण होती. नियमित कंपन्यांची भाडी त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत ठरत आणि त्याहून स्वस्त चार्टर केवळ एखाद्या मंडळाच्या सभासदांनाच मिळे. त्या मंडळाचा उद्देश प्रवास हा असता कामा नये, आणि सभासदत्व किमान सहा महिने जुने हवे. परिणाम काय होणार हे कोणीही सांगू शकले असते. पिंजऱ्यातील पक्षी पाळणाऱ्यांची सोसायटी निघाली, डावखुऱ्यांचा क्लब निघाला. सभासदत्वावर मागील तारखा पडू लागल्या. नातवंडांना भेटायला निघालेल्या आजीला आपण पक्षीप्रेमी असल्याचे पाठ करून ठेवावे लागले. १९७१ साली गॅटविक येथे लेकरच्या विमानातील 'डावखुऱ्यां'ची झडती झाली आणि काहींना उतरवण्यात आले.

यास फसवणूक म्हणणे सोपे आहे. आम्ही त्यास सक्तीची कल्पित कथा म्हणू. ज्या माणसाला केवळ स्वस्तात जायचे आहे त्याला 'मला स्वस्तात जायचे आहे' एवढे एकच वाक्य उच्चारण्याची बंदी होती. बाकी कोणतेही सोंग चालत असे. कथनशास्त्राच्या तासाला अविश्वसनीय निवेदकावर आपण एवढे बोलतो, पण हजारो सामान्य माणसांना असे निवेदक व्हायला लावणाऱ्या नियमपुस्तिकेकडे कोणी पाहिलेले आमच्या वाचनात नाही.

हे सोंग १९७३ साली अनावश्यक ठरले. आगाऊ नोंदणी केली की पुरे, मंडळ नको, असा नवा नियम आला आणि एप्रिलमध्ये लेकरच्या डीसी-१० ने मँचेस्टरहून टोरांटोला त्यानुसार पहिले उड्डाण केले. त्याच्या पुढील 'स्कायट्रेन'ची कथा अधिक प्रसिद्ध आहे: आगाऊ नोंदणीही नको, तिकीट काढा आणि बसा. १९७१ साली केलेला अर्ज, मिळालेला परवाना, सरकारने फिरवलेला शब्द, १९७६ च्या डिसेंबरात अपील न्यायालयात लेकरचा विजय, आणि अखेर २६ सप्टेंबर १९७७ रोजी ५९ पौंडांत लंडन ते न्यूयॉर्क. या पर्वाने लेकरला 'सर' केले आणि जनतेचा नायकही केले. आम्हांला तो नायक तितकासा पटत नाही. वाढत्या कर्जावर नवी विमाने घेणारा आणि मंदीच्या तोंडावर विस्तार करणारा हा माणूस स्वतःच्याच काटकसरीचे धडे विसरला होता. प्रतिस्पर्ध्यांनी भाडी पाडली हे खरे. पण कर्ज डॉलरमध्ये आणि बरीचशी कमाई पौंडांत, हा घोटाळा त्यांनी केलेला नव्हता.

५ फेब्रुवारी १९८२ रोजी कंपनी बंद पडली आणि सहा हजारांवर प्रवासी ठिकठिकाणी अडकले. लेकर एअरवेजच्या परिसमापकाने मोठ्या विमान कंपन्यांवर संगनमताचा दावा लावला. १९८५ साली तो न्यायालयाबाहेर मिटला आणि धनकोंना पैसे मिळाले. १९७१ साली गॅटविकवर उतरवलेल्या त्या डावखुऱ्यांची बाजू मांडण्याचा प्रश्न त्या दाव्यात नव्हता. त्यांच्यावर एखादी कादंबरी इंग्रजीत असल्यास आम्हांला वाचायला आवडेल.