सरोवरांच्या मुलखातील झड

अमेरिकेतील मिनेसोटा राज्य आणि कॅनडातील ऑन्टारिओ प्रांत यांच्या सीमेवर एक मुलूख असा आहे की, तेथे आत शिरल्यावर रस्ता म्हणून नाहीच. आहेत ती सरोवरे. अमेरिकेच्या बाजूस त्याला ‘बाउंडरी वॉटर्स’ म्हणतात. दहा लाख एकरांहून अधिक अरण्य आणि त्यात हजारावर सरोवरे! १९६४ च्या अरण्य-कायद्याने व पुढे १९७८ च्या स्वतंत्र कायद्याने हा प्रदेश राखला गेला. बहुतेक सरोवरांवर यंत्राच्या नावेस मज्जाव आहे. प्रवास करावयाचा तो ‘कनू’ नावाच्या निमुळत्या, हलक्या होडीतून, वल्ह्यांच्या बळावर. एक सरोवर संपले की होडी खांद्यांवर पालथी घालून पुढच्या सरोवरापर्यंत चालावे लागते. या पायवाटेला ‘पोर्टेज’ म्हणतात आणि तिची लांबी ‘रॉड’मध्ये मोजतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, जवळजवळ एका होडीची लांबी. वाटेचे माप होडीने ठरावे, हे आम्हांस फार आवडले. भूर्जाच्या सालीच्या होड्या करणाऱ्या ओजिब्वे लोकांच्याच या वाटा. फरच्या व्यापाऱ्यांनी त्या मागाहून वापरल्या.

जूनच्या आरंभी पुतण्या आणि सूनबाई यांच्याबरोबर आम्ही उभयता या मुलखात पाच दिवसांसाठी गेलो होतो. तिसऱ्या दिवशी पहाटे पाऊस लागला. वाचकहो, आमचे आयुष्य बेळगावात गेले. झड म्हणजे काय, ती आठ-आठ दिवस कशी उघडत नाही, हे आम्हांस कोणी शिकवावे असे नाही. म्हणून आम्ही सामान आवरावयास लागलो. पाचव्या दिवशी दुपारी गाडी येणार होती, वाटेत दोन पोर्टेज आणि एक मोठे उघडे सरोवर होते, आणि पुतण्याची रजा मोजकी होती. पण तोच म्हणाला, “काका, आज होडी पाण्यात घालायची नाही. गाडीवाला थांबेल.”

कारण साधे होते. त्या सरोवरांवरचा बर्फ एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या आरंभी वितळतो. जूनमध्येही पाणी अंगाला झोंबते. आमच्याकडचा पाऊस माणसाला भिजवतो, तेथला पाऊस माणसाची ऊब काढून घेतो. त्यातून आकाश गडगडत होते. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ लागला, तर पाण्यावर राहू नये आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्यावा, असा तेथला नियम. उघड्या सरोवरावर होडीतला माणूस हीच सर्वांत उंच वस्तू असते.

बसून राहणे हेही मोठे काम आहे, हे त्या दिवशी कळले. ताडपत्री वाऱ्याकडील बाजूस खाली आणि दुसरीकडे उंच बांधावी लागते, नाहीतर मधोमध पाण्याची पखाल तयार होते. सरपण सगळे ओले. पण उभ्या वाळलेल्या सीडरचे लाकूड फोडले की आतला गाभा कोरडा निघतो, आणि जमिनीवर पडलेली भूर्जाची साल ओली असूनही पेटते. सूनबाईने निघतानाच सुती कपड्यांना बंदी केली होती. सर्वांच्या अंगात लोकर. सूत भिजले की थंड पडते, लोकर ओली झाली तरी ऊब धरते. हे ऐकून सौ. म्हणाल्या, “मग आपले शेतकरी घोंगडीची खोळ घेऊन रोप लावतात, ते काय निराळे?” प्लॅस्टिकच्या इरल्यांनी ती खोळ मागे पडली, ही गोष्ट वेगळी.

दुपारी दोनच्या सुमारास एक होडी लाटांत वेडीवाकडी होत आमच्या काठाला लागली. वडील आणि पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा. त्यांनाही कोठेतरी वेळेवर पोहोचायचे होते. मुलाच्या अंगात जीनची विजार, नखशिखांत भिजलेली. तो कुडकुडत होता, बोटांना दोरीची गाठ सुटत नव्हती आणि बोलणे अडखळत होते. ही लक्षणे चांगली नव्हेत. पुतण्याने एक प्रश्न न विचारता त्याचे ओले कपडे उतरविले, कोरडी लोकर चढविली, निजण्याच्या पिशवीत घातले. अंग चोळावयाचे नाही, मद्य तर मुळीच द्यावयाचे नाही. शुद्धीत आहे, गिळता येते आहे, हे पाहून गरम गोड पेय घोटाघोटाने द्यावयाचे. सौ.नी गूळ घालून आल्याचा चहा केला. मुलाचे हुडहुडणे थांबले, तेव्हा आम्हांस हायसे वाटले. पुतण्या मात्र त्याच्याजवळून हलला नाही. थंडीने माणूस फार गळाला, तरीही हुडहुडणे थांबते, असे तो म्हणाला. पुढे मुलगा नीट बोलू लागला, त्याने स्वतः कप धरला, तेव्हा त्याच्या वडिलांनी प्रथमच आमच्याकडे पाहिले. ते काही बोलले नाहीत.

गडगडाट थांबून अर्धा तास उलटल्यावर पुतण्या रिमझिमीत काठावरूनच गळ टाकावयास गेला. विजेच्या वेळी ग्रॅफाइटची काठी हाती धरणे वेडेपणाचे. पण ढगाळ, अंधारलेले पाणी ‘वॉलआय’ माशाचे. या माशाच्या डोळ्यांत पडद्यामागे मांजराप्रमाणे प्रकाश परतविणारा थर असतो. लख्ख उन्हात तो खोल पाण्यात दडतो आणि अंधुक उजेडात शिकारीस निघतो. तासाभरात तीन मिळाले. हळद, तिखट, मीठ आणि तांदळाचे पीठ आम्ही बरोबर नेले होते. त्या अरण्यात डबाबंद अन्नास व काचेच्या बाटल्यांस मनाई असल्याने लोणचेही प्लॅस्टिकच्या डबीत होते. सहा माणसांत तीन मासे म्हणजे काही मेजवानी नव्हे, पण मुलाने दोनदा मागून घेतले आणि तिखटाने डोळ्यांत पाणी आले तरी थांबला नाही.

ते दोघे रात्री आमच्याच मुक्कामावर राहिले. पहाटे वारा पडला, सरोवरावर धुके होते. मोठे पाणी ओलांडावयास सर्वांना मिळून पाऊण तास लागला.