विश्लेषण : नगररचनेचा धडा परदेशातून आणायचा की पाणचक्कीपासून सुरू करायचा?

नगररचनेच्या वर्गात शहराची पाण्याची गरज काढायला एक साधे सूत्र शिकवतात : माणशी रोज १३५ लिटर गुणिले लोकसंख्या. छत्रपती संभाजीनगरात मात्र वर्षानुवर्षे नळाला अनेक दिवसांआड पाणी येते. त्यामुळे इथल्या घरांचे नियोजन या सूत्रावर नव्हे, तर टाकी, ड्रम आणि टँकरच्या वेळेवर चालते. बाहेर तयार झालेले ठोकताळे इथे कसे शिकवावेत, हा प्रश्न म्हणूनच या शहरात निव्वळ विद्यापीठीय राहत नाही.

बाहेरून शिकणे या शहराला नवे आहे का?

अजिबात नाही. १६१० मध्ये खडकी येथे शहर वसवणारा मलिक अंबर मूळचा इथिओपियाचा. गुलाम म्हणून विकला जात तो बगदादमार्गे दख्खनमध्ये आला आणि पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. त्याच्या नहर-ए-अंबरीचे नाते इराणच्या कनात पद्धतीशी सांगितले जाते. डोंगरपायथ्याचे भूजल भुयारात झिरपू द्यायचे, बेताच्या उताराने पुढे न्यायचे आणि खापराच्या नळांतून हौदांपर्यंत पोहोचवायचे. उतार जास्त झाला तर पाणी तळ कोरते, कमी झाला तर गाळ बसतो. पंप नसताना हे साधणे सोपे नव्हते. दख्खनला ही विद्या तेव्हा अगदीच अनोळखी होती असेही नाही. बिदरमध्ये बहमनी काळातील करेज आजही पाहता येतात. म्हणजे कल्पना इराणची असली, तरी मापे इथल्या खडकाची आणि उताराची होती.

आज शहराची तहान भागवणारे जायकवाडीचे पाणी खालून वर पंपाने चढवावे लागते. वीज गेली की पुरवठा कोलमडतो. अर्थात नहरी दुरुस्त केल्या की टंचाई संपेल, हा भाबडेपणा झाला. २०११ च्या जनगणनेतच शहराची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास होती.

अभ्यासक्रमाशी याचा संबंध काय?

तो जोडणारे नाव पॅट्रिक गेडिस यांचे. हे स्कॉटिश अभ्यासक १९१४ मध्ये भारतात आले आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या नव्या समाजशास्त्र व नागरिकशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. आधी शहर पायी फिरा, मग निदान करा आणि जुनी वस्ती सरसकट न पाडता लागेल तेवढीच शस्त्रक्रिया करा, हा त्यांचा आग्रह होता. इंदूरमध्ये प्लेगच्या काळात त्यांनी स्वच्छतेसाठी दिवाळीच्या मिरवणुकीचाच उपयोग केला. ज्या गल्ल्यांनी घरे झाडून स्वच्छ केली, तिथून मिरवणूक जाणार, असे जाहीर झाले. दंडाच्या नोटिशीने जे झाले नसते, ते लोकांनी हौसेने केले. परक्या तज्ज्ञाने आधी सण समजून घेतला, हे महत्त्वाचे.

मग अडचण कुठे आहे?

शिकण्याची दिशा एकेरी होते तिथे. शेंद्रा-बिडकीनमध्ये ‘ऑरिक’ उभे राहताना जमीन मोकळी होती, त्यामुळे वीज-पाण्याच्या वाहिन्या आधीच जमिनीखाली टाकता आल्या. गुलमंडीत किंवा शहागंजात तसे करता येत नाही. तिथे प्रत्येक खोदकामाखाली आधीचे काहीतरी असतेच. पण सादरीकरणात कोरी पाटी नेहमीच देखणी दिसते, आणि विद्यार्थीही तिच्याच प्रेमात पडतो.

अभ्यासदौरे चंदीगडला, जमल्यास सिंगापूरलाही जावेत. पण डोंगरपायथ्यापासून पाणचक्कीपर्यंत नहरीच्या मार्गाने चालत, मनोरे व मॅनहोल मोजत केलेल्या सर्वेक्षणाला विमानाचे तिकीट लागत नाही. त्यातून तयार झालेला मोजमापांचा नकाशा गुणपत्रिकेपुरताही राहणार नाही. नव्या जलवाहिनीसाठी रस्ता खोदण्याआधी तो महापालिकेच्या अभियंत्याच्या टेबलावर ठेवता येईल.