फोटोतला रंग आणि हातातला कपडा

ईद जवळ आली की घराघरांतल्या मोबाइलवर कपड्यांचे फोटो फिरू लागतात. शरारा, कुर्ता, ओढणी, सगळ्यांची पसंती फोटोवरच होते आणि पैसेही फोटो पाहूनच जातात. मग पार्सल उघडल्यावर डाळिंबी वाटलेली ओढणी गुलाबी निघते. घेणारी म्हणते, ‘फसवलं.’ घरी बसून शिवणकाम करणारी म्हणते, ‘मी तोच कपडा पाठवला.’ पुष्कळदा दोघीही खरंच बोलत असतात. म्हणून या महिन्यात आम्ही कॅमेऱ्याची बाजू मांडत आहोत.

कॅमेऱ्याच्या भिंगामागे सिलिकॉनची एक लहान चिप असते. तिला सेन्सर म्हणतात. तिच्यावर लक्षावधी सूक्ष्म ठिपके, म्हणजेच पिक्सेल असतात. आपल्यावर किती प्रकाश पडला, एवढेच प्रत्येक ठिपका मोजतो. तो प्रकाश लाल होता की हिरवा, हे त्याला कळत नाही. म्हणजे सेन्सर मुळात रंगांधळाच!

यावर ‘कोडॅक’ कंपनीतील ब्राइस बायर यांनी तोड काढली. १९७६ साली त्यांना तिचे पेटंट मिळाले. प्रत्येक ठिपक्यावर एकेका रंगाची गाळणी बसवायची. चार ठिपक्यांत दोन हिरव्या, एक लाल, एक निळी. हिरव्या दोन अशासाठी की आपल्या डोळ्यालाही बारकावे हिरव्या प्रकाशात अधिक दिसतात. आजही बहुतेक कॅमेरे याच पद्धतीवर चालतात.

आता हिशेब पाहा. १२ मेगापिक्सेल म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके. त्यांतले ६० लाख फक्त हिरवा प्रकाश मोजतात, ३० लाख लाल आणि ३० लाख निळा. प्रत्येक ठिपक्याचे उरलेले दोन रंग कॅमेरा शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरतो. फोटोतल्या रंगाचा दोन तृतीयांश भाग असा हिशेबाने आलेला असतो. बारीक रेघांच्या किंवा जाळीच्या कपड्यावर हा अंदाज चुकतो आणि नसलेल्या रंगांच्या लाटा दिसू लागतात.

दुसरा घोटाळा उजेडाचा. बल्बचा उजेड पिवळसर, सावलीतला निळसर. पांढरे ते पांढरे दिसावे म्हणून मोबाइल रंग आपणच सुधारतो. पण चौकटीभर एकच लाल कपडा असेल, तर ही लाली उजेडाचीच आहे असे समजून तो ती कमी करतो. आपल्या डाळिंबीची गुलाबी होते ती अनेकदा इथेच. शिवाय भडक लाल रंगात लाल ठिपके भरून वाहतात आणि त्यावरची कशिदाकारी पुसल्यासारखी दिसते.

उजेड कमी असला तर ठिपक्यांना मोजायला पुरेसा प्रकाशच मिळत नाही आणि फोटोत रवाळ दाणे उमटतात. मोबाइलचा सेन्सर लहान, त्यामुळे त्याचे ठिपकेही लहान. म्हणून नुसत्या मेगापिक्सेलच्या आकड्यावर भुलून मोबाइल घेऊ नये.

घरून कपडे विकणाऱ्या भगिनींनी एवढे करावे. फोटो दिवसा, खिडकीजवळ, पण थेट उन्हात न ठेवता काढावा आणि घरातले दिवे बंद करावेत. कपड्याशेजारी एक कोरा पांढरा कागद ठेवावा. तो पिवळा किंवा निळा दिसला, तर कपड्याचा रंगही बिघडला आहे असे समजावे. लाल कपडा असेल तर स्क्रीनवर बोट ठेवून उजेड थोडा उतरवावा. चेहरा उजळवणारे फिल्टर कपड्याला लावू नयेत.

घेणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे की प्रत्येक मोबाइलची स्क्रीन रंग वेगळा दाखवते. निकाहाच्या पोशाखासारखी मोठी खरेदी असेल, तर आधी कापडाचा बोटभर तुकडा टपालाने मागवावा. थोडा खर्च होईल, चार दिवस जातील. पण रंगाची खात्री हातातला तुकडाच देईल, आणि नात्यातल्या बाईवर खोटेपणाचा आळ घेण्याची वेळ येणार नाही.