देखभाल कोण करणार?

परवा दादाचा फोन आला. चिपळूणचं घर आवरायला काढलंय आणि आजोबांचं सागवानी कपाट भंगारवाल्याला द्यायचं ठरतंय. कारण? "अगं, त्याची देखभाल कोण करणार?"

फोनवर मी गप्प बसले. (मी बोलायला लागले की भांडण होतं, हे समस्त नातेवाईकांना ठाऊक आहेच.) म्हणून इथे लिहितेय. दादा, तू वाचशीलच. वहिनीलाही वाचून दाखव.

तर देखभाल म्हणजे नेमकं काय रे? आठवड्यातून एकदा कोरड्या, मऊ सुती फडक्याने पुसणं. आजोबांच्या जुन्या धोतराचं फडकं असेल तर उत्तमच. संपलं! उलट हौसेने आपण जे काही जास्तीचं करतो ना, त्यानेच लाकडाची वाट लागते. फिनेलच्या पाण्यात बुडवलेलं ओलं फडकं फिरवायचं. चमक यावी म्हणून खोबरेल चोपडायचं. खोबरेल वाळत नाही, चिकट राहतं आणि त्यावर धूळ बसते. जवसाचं तेल वाळतं, पण ते पॉलिश नसलेल्या लाकडाला, तेही अगदी पातळ. (आणि ते फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेऊ शकतं. पसरून वाळवा.) बाजारातल्या सिलिकॉनवाल्या फवाऱ्यांनी आज चमक येते, पण पुढे नवं पॉलिश नीट धरत नाही.

दुसरी तक्रार, पावसाळ्यात खण अडकतो. अडकणारच! लाकूड हवेतला ओलावा पिऊन फुगतं आणि पाऊस सरला की पुन्हा आकसतं. जुलैत रंधा मारलात तर मे महिन्यात तोच खण खुळखुळेल. खणाच्या कडांना मेणबत्ती घासा आणि दिवाळीपर्यंत दम धरा. एवढा धीर नाही आपल्याकडे?

आता मुख्य मुद्दा. २२ जुलै २०२१ आठव. वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं होतं. ओसरल्यावर काय दिसलं? तुझं ते नवंकोरं 'मेंटेनन्स फ्री' वॉर्डरोब चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं फुगलं होतं. लाकडाचा चुरा गोंदाने दाबून केलेला बोर्ड तो, एकदा फुगला की परत बसत नाही. आपणच तो उचलून रस्त्यावरच्या ढिगात टाकला.

आणि आजोबांचं कपाट? चिखल धुतला, दारं उघडी टाकली, सावलीत महिनाभर वाळू दिलं. उन्हात ठेवलं असतं तर वरून भरभर वाळून तडकलं असतं. पॉलिश पांढुरकं पडलं होतं, कारण लाखेच्या पॉलिशला पाणी सोसत नाही. सुताराने ते स्पिरिटने काढलं आणि चपडा लाखेचा नवा हात दिला. कपाट पुन्हा उभं! २००५ चा पूरही त्याने असाच पचवला होता. मग सांग, देखभाल कोणाची जास्त करावी लागली?

आता प्रामाणिकपणे. तुझ्या नव्या फ्लॅटच्या लिफ्टमध्ये ते मावत नाही, हे मला मान्य आहे. बेडरूमच्या रंगाशी ते जुळत नाही, हेही कळतं. मग तसं म्हण ना! "जागा नाही", "आवडत नाही", ही सरळ कारणं आहेत. त्यासाठी बिचाऱ्या लाकडावर खोटा आळ कशाला? ज्या कपाटाने पाऊणशे वर्षं आपल्याकडे फक्त एक फडकं मागितलं, त्याला 'कटकटीचं' म्हणून काढून टाकायचं, हे मला सहन होत नाही.

असो. पुण्यात माझ्या हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारची भिंत मोजून ठेवली आहे. बसतंय. टेम्पोचं भाडं माझं. भंगारवाल्याला नाही म्हणून कळव, आणि येताना कपाटाची किल्ली तेवढी विसरू नकोस. देवघरातल्या फळीवर, डाव्या कोपऱ्यात आहे.